शून्य वाचन

गिरणाऱ्याच्या पुढे फाटा, तिथून दिसते ती
भिंत वाटतच नाही. गवताळलेलं लांबट टेकाड.
बकऱ्या चरतात तिच्यावर. आत पाणी कुठवर शिरलंय
हे बकऱ्यांना माहीत नाही, आम्हालाही नाही,
म्हणून तर हे भोक.

एकतीस मीटर. सिराज मिस्त्रीचं ड्रिल
दोन दिवस पिवळी माती ओकत राहिलं,
मग काळी, मग पुन्हा पिवळी,
शेवटी करडी, चिकण, बोट सोडेना अशी.
"गाभा," तो म्हणाला, आणि इंजिन बंद केलं.

सेन्सर एवढासा. अंगठ्याएवढा जाड,
पोलादी, आत एक ताणलेली तार.
पाण्याचा रेटा वाढला की तार ढिलावते,
सूर उतरतो. आपण वरून विजेची टिचकी मारायची
आणि ती किती थरथरली ते वाचायचं.
एवढंच. पण आधी
त्याचं टोक रात्रभर उकळून निववलेल्या पाण्यात ठेवायचं.
हवेचा एक बुडबुडा आत राहिला
तर पुढची वीस वर्षं तो खोटं सांगेल,
तेही ठाम आवाजात.

आणि खाली सोडण्याआधी, सावलीत,
अंगावर कुठलाच भार नसताना
घ्यायचं शून्य वाचन. तीनदा.
मी चारदा घेतलं.

निवृत्ती लहांगे केबल सोडत होते
हात हात मोजून, पोहरा सोडावा तशी.
वर वाळू, वाळूवर बेंटोनाइटच्या गोळ्या,
त्या फुगून भोक बुजवेपर्यंत कुणी बोललं नाही.
मार्चमध्ये ते निवृत्त होणार. नावावरून विनोद
त्यांनीच करून झालेला होता, दोनदा.

तिसऱ्या आठवड्यात तपासणी.
सेन्सर म्हणाला, माझ्यावर बारा मीटर चाळीस.
लहांगेंनी शेजारच्या जुन्या नळीत फीत सोडली,
टोकाला पितळी तोटी, पाण्याला टेकली की डुब वाजते.
कान नळीला. अठरा बावन्न.
वजाबाकी मी वहीत केली, त्यांनी डोक्यात.
आठ सेंटिमीटरांचा फरक.
"बरं बोलतंय पोरगं," ते म्हणाले.

मग दिंडोरी रोडच्या ऑफिसात, ट्यूबलाइटखाली
त्यांची सव्वीस वर्षांची रजिस्टरं मी कॉम्प्युटरात भरत बसले.
निळी शाई, दर गुरुवार. आकडे हलत राहतात,
पावसाळ्यात चढतात, होळीनंतर खचतात.
एकाच ऑगस्टात एक गुरुवार
आदल्या गुरुवारसारखाच. सेंटिमीटरसुद्धा इकडेतिकडे नाही.
त्या आठवड्यात जलाशय दोन मीटर चढला होता.

मी विचारलं, नळी तुंबली होती का?
त्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला नाही.
"तुंबली नव्हती. मी खाली गेलोच नाही.
सांडवा असा गरजत होता, बाई,
की पायऱ्या थरथरत होत्या, का माझे पाय, कळेना.
सहाव्या पायरीवरून मागे फिरलो.
घरी कंदिलाखाली मागचाच आकडा उतरवला.
झोपलो नाही. उशी सारून जमिनीला कान लावून पडलो,
रात्रभर. भिंत इथून तीन किलोमीटर.
काय ऐकू येणार होतं?"

सकाळी भिंत होती.
म्हणून बावीस वर्षं कुणी विचारलं नाही.

मी तो आकडा पुसला.
त्या जागी काही भरलं नाही.
आलेखाची रेघ तिथवर येते, तुटते,
एक बोट सोडून पुढे चालू लागते.
साहेबांनी विचारलं तर सांगेन, वाचन झालं नाही.

गुरुवारी मी यंत्र उघडलं, तार छेडली, आकडा घेतला.
लहांगे तोवर नळीपाशी वाकले होते.
"आता यंत्र आहे की," मी म्हटलं.
त्यांनी हातानंच गप्प केलं मला.
फीत सरसरत खाली गेली,
आणि मीही, का कोण जाणे,
श्वास रोखून थांबले.
डुब.